एच६१ मदरबोर्डवरील पेंटियम काढून आय५ बसवावा का? खर्चाची मर्यादा चार हजार रुपये

वसमतकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

हिंगोली जिल्ह्यात वसमतजवळच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे व रहिवासाचे दाखले, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही मुख्य कामे असून लग्नसराईत पत्रिका आणि फ्लेक्सचे डिझाइनही कोरल ड्रॉमध्ये करून देतो. या सर्व कामांसाठी एकच डेस्कटॉप आहे आणि तो आता फारच मंद झाला आहे. जुलैअखेरीस पीक विम्याची मुदत जवळ आली की शेतकऱ्यांची रांग लागते. हातातले शेतीचे काम टाकून आलेल्या माणसाला केवळ पान उघडत नाही म्हणून ताटकळत बसवावे लागते, हे मला मनापासून खटकते.

संगणकाचा तपशील असा आहे : एच६१ चिपसेटचा (बोर्डवरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, इंटेल पेंटियम जी२०२० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच स्टिक (दुसरा स्लॉट रिकामा आहे), ५०० जीबीची हार्ड डिस्क, स्थानिक बनावटीचा ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि विंडोज १०. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही.

शहरातील एका दुकानदाराचे म्हणणे असे की, या बोर्डवर आय५ चालणार नाही, त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा संपूर्ण संच बदलावा लागेल. त्याने सांगितलेली किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे. दुसऱ्या दुकानात वापरलेला आय५-३४७० चौदाशे रुपयांना आणि आय७-३७७० बत्तीसशे रुपयांना मिळतो आहे. माझ्याकडे एकूण चार हजार रुपये आहेत आणि या हंगामात त्याहून अधिक उभे करणे शक्य नाही. सगळे पैसे आय७ वर घालावेत, की आय५ घेऊन उरलेल्या पैशांत आणखी काही करावे? आणि मुळात हा बोर्ड आय५ स्वीकारेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परभणी_दुरुस्ती

वसमतकर, आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपण दिलेल्या तपशिलातच आहे.

एच६१ हा चिपसेट २०११ साली इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी आला. तिसरी पिढी २०१२ मध्ये आली. सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा, तेच राहिले, एलजीए ११५५. पण जुन्या एच६१ बोर्डांना तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस (बोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा लागत असे. ज्यांच्या बोर्डवर आय३-२१०० किंवा पेंटियम जी६२० आहे, त्यांच्यासाठी ही अडचण आजही खरी आहे, आपल्यासाठी नाही. पेंटियम जी२०२० हा नावाने पेंटियम असला तरी तिसऱ्या पिढीचाच प्रोसेसर आहे. तो आपल्या बोर्डवर चालतो आहे, म्हणजे त्या पिढीसाठी लागणारा बायोस बोर्डमध्ये आधीपासूनच आहे. आय५-३४७० त्याच पिढीचा आणि त्याच सॉकेटचा असल्यामुळे तो चालण्यास हरकत नसावी. एकच गोष्ट पडताळावी : जी२०२० ची उष्णतेची मर्यादा ५५ वॅट आहे आणि आय५-३४७० ची ७७ वॅट. काही अगदी स्वस्त बोर्ड ६५ वॅटपर्यंतच मान्यता देतात. बोर्डवर छापलेले मॉडेल पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांच्या यादीत ३४७० आहे का, ते पाहा. बोर्डचे मॉडेल पाहण्यासाठी कॅबिनेट उघडण्याचीही गरज नाही. विंडोजच्या शोधपट्टीत एमएसइन्फो३२ हा शब्द रोमन लिपीत टाकला की ते दिसते. यादीत ३४७० नसेल आणि ३४७०एस असेल, तर तो घ्यावा. त्याची मर्यादा ६५ वॅट आहे.

आता पैशांचा मुद्दा. आय७ वर सगळी रक्कम घालू नका, असे मी आताच स्पष्ट सांगतो. दोन्हींत प्रत्यक्ष कोअर (काम करणारे भाग) चारच आहेत. आय७-३७७० मध्ये हायपर-थ्रेडिंगमुळे आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) मिळतात आणि कॅश (प्रोसेसरमधील जलद मेमरी) ६ ऐवजी ८ एमबी असते. व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण ब्राउझरमधील अर्ज, पीडीएफ आणि कोरल यांत आपल्याला तो फरक जाणवणार नाही, आणि १८०० रुपये मात्र जातील.

प्रोसेसर घेण्याआधी मात्र एक काम करा. रोजच्या गर्दीत काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि त्यातील परफॉर्मन्स हा भाग पाहत राहा. संगणक अडकतो त्या क्षणी सीपीयू शंभर टक्क्यांवर आहे, की डिस्क शंभर टक्क्यांवर आहे, की मेमरी भरलेली आहे, हे लिहून काढा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा यंत्रांत बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला अर्धी फेरी पूर्ण करण्यासच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारे डोके योग्य पट्ट्यावर नेण्याचा वेळ मिळवला तर एकेका विखुरलेल्या फाइलसाठी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच अशा नोंदी ती वाचू शकते. साधी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिप असलेली डिस्क) त्याच वेळात हजारो नोंदी वाचते. प्रोसेसर कितीही वेगवान बसवला तरी तो या डिस्कची वाट पाहतच राहील.

लातूर_अध्यापक

वरील उत्तरातील तांत्रिक भाग बरोबर आहे, तरीही मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अधिकृत अट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची आहे आणि सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागते. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ आडवाटेने बसवता येते हे मला ठाऊक आहे, पण ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके आणि बोटांचे ठसे हाताळले जातात, तिथे मी तो मार्ग सुचवणार नाही.

त्यामुळे या वर्षी चार हजार आणि पुढच्या वर्षी पुन्हा काही हजार असे या जुन्या बोर्डवर घालत राहण्यापेक्षा, कार्यालयांतून निघालेला आठव्या पिढीचा डेस्कटॉप घेण्यासाठी ही रक्कम बाजूला ठेवणे अधिक शहाणपणाचे वाटते. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते आणि अशी यंत्रे कंपन्या एकगठ्ठा विकतात तेव्हा भाव बरे मिळतात. नांदेड-वसमतकडील लोकांना सिकंदराबाद फार दूर नाही. तिथल्या पार्कलेन भागातील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये अशी जुनी यंत्रे पाहून, चालवून घेता येतात.

केंद्राचे काम वगळून केवळ लेखन आणि इंटरनेट एवढीच गरज असती, तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली सुचवली असती. जी२०२० वरही ती चांगली चालते.

परभणी_दुरुस्ती

अध्यापक सर, सुरक्षेबद्दलचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी लिहायला हवा तितका ठळक लिहिला नव्हता. मात्र आठव्या पिढीचे चांगल्या स्थितीतील यंत्र चार हजारांत येत नाही, आणि त्यांचा हंगाम तर तोंडावर आहे. मधल्या काळासाठी मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० च्या सुरक्षा सुधारणा मिळण्याची सोय ठेवली आहे. त्यासाठी सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. केंद्राच्या यंत्राला ती लागू होते का, हे त्या पानावरील अटी वाचून ठरवावे.

शिवाय आज घेतलेली २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याचा एक प्रकार) एसएसडी उद्या नव्या यंत्रातही लावता येते. प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम मात्र या बोर्डसोबतच संपतात. म्हणून आधी एसएसडी, नंतर रॅम आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर, हाच क्रम मला योग्य वाटतो.

वसमतकर

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडा ठेवून नोंदी केल्या.

संगणक सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क शंभर टक्क्यांवर राहते आणि त्या वेळी सीपीयू पन्नास-साठच्या आसपास असतो. ब्राउझर, व्हॉट्सअॅप आणि पीडीएफ एकत्र उघडले की मेमरी जवळजवळ पूर्ण भरते आणि डिस्क पुन्हा शंभरावर जाते. एकाच वेळी तीन-चार अर्जांची पाने उघडताना, तसेच कोरलमधून मोठ्या फ्लेक्सची पीडीएफ काढताना, सीपीयू मात्र सलग शंभर टक्के दिसतो. बोर्डच्या यादीत आय५-३४७० चे नाव आहे, हेही पाहिले. बोटांच्या ठशाच्या उपकरणाचे सॉफ्टवेअर कंपनीने विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच दिलेले असल्यामुळे लिनक्सचा विचार आता करता येणार नाही.

नांदेडच्या दुकानात २४० जीबीची एसएसडी अठराशे रुपये आणि ४ जीबीची वापरलेली रॅम पाचशे रुपये सांगितली आहे. आय५ चे चौदाशे धरले तर तिन्ही मिळून ३७०० रुपये होतात. असे तिन्ही घ्यावे का?

परभणी_दुरुस्ती

या नोंदींवरून चित्र स्पष्ट होते. डिस्क आणि मेमरी या दोन अडचणी एकमेकींना वाढवत आहेत : रॅम भरली की विंडोज जादा मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते आणि तीच डिस्क सर्वांत मंद आहे. या दोन गोष्टी सुधारल्यावर दिवसभराच्या कामातील बहुतांश अडखळणे थांबेल. अर्जांची पाने आणि कोरलची पीडीएफ यांसाठी मात्र दोन कोअर खरोखर अपुरे पडत आहेत, त्यामुळे आपल्या बाबतीत आय५ घेणे समर्थनीय आहे. जी२०२० मध्ये दोन कोअर, दोन थ्रेड आणि २.९ गिगाहर्ट्झ वेग आहे; आय५-३४७० मध्ये चार कोअर असून वेग ३.२ पासून ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. याखेरीज त्या काळच्या पेंटियममध्ये एव्हीएक्स आणि एईएस या सूचनांचा संच नव्हता, तो आय५ मध्ये आहे. काही नवी सॉफ्टवेअर एव्हीएक्स नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि सुरक्षित संकेतस्थळांवरील मजकूर उलगडताना एईएसमुळे प्रोसेसरवरील भार कमी होतो.

खरेदी करताना पुढील काळजी घ्यावी, कारण जुन्या मालाच्या बाजारात फसगत इथेच होते.

दुकानात नुसते ‘आय५ द्या’ म्हणू नका, पूर्ण क्रमांक सांगा आणि प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर कोरलेला क्रमांक स्वतः वाचा. आय५-३४७०टी हा प्रोसेसर नावाने जवळजवळ तसाच असला तरी त्यात दोनच कोअर आहेत. आय५-३३५०पी चार कोअरचा आहे, पण त्यात ग्राफिक्स नाही. आपल्याकडे वेगळे कार्ड नसल्यामुळे पडद्यावर काहीच दिसणार नाही. झिऑन ई३-१२३०व्ही२ बद्दलही हेच लागू होते. चौथ्या पिढीचा आय५ स्वस्तात मिळाला तरी तो ११५० सॉकेटचा आहे आणि आपल्या बोर्डवर बसतच नाही. के अक्षराचा प्रोसेसर जास्त पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही, कारण एच६१ वर त्याचा वेग वाढवता येत नाही.

रॅम घेताना अधिक सावध राहा. बाजारात डीडीआर३ च्या काही स्वस्त स्टिक केवळ एएमडीच्या बोर्डवर चालणाऱ्या असतात. इंटेलच्या बोर्डवर त्या लावल्या तर संगणक सुरूच होत नाही. ‘इंटेल एच६१ वर चालली नाही तर परत घेणार’ असे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. दोन्ही स्टिक ४ जीबीच्या असल्या तर ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिकचा एकत्र वापर) चालू होते आणि प्रोसेसरमधील ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यामुळे त्याचा लाभ पडद्यावरही दिसतो.

एसएसडी मात्र वापरलेली घेऊ नका. ती नवी, हमीपत्रासह आणि २.५ इंची साटा प्रकारचीच असावी. एच६१ ची साटा ३ गिगाबिटचीच आहे, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर छापलेला पाचशे एमबीचा वेग मिळणार नाही, साधारण अडीचशे ते पावणेतीनशे एमबी मिळेल. त्याने निराश होण्याचे कारण नाही; विखुरलेल्या लहान फाइली वाचण्याचा जो वेग आपल्याला हवा आहे, त्यावर या मर्यादेचा फारसा परिणाम होत नाही.

बोर्ड बदलू नका याचे आणखी एक कारण आहे. विंडोजचा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी बांधलेला असतो. प्रोसेसर, रॅम किंवा डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही. बोर्ड बदलला तर पुन्हा प्रश्न उभा राहतो.

तंत्रनिकेतन_नांदेड

वरील चर्चेत उष्णतेचा आणि विजेचा विषय राहिला आहे आणि आपल्या भागात तो टाळून चालत नाही.

मे महिन्यात नांदेड, परभणी, हिंगोलीत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत असते, त्यामुळे पंचवीस अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर बेचाळीस अंशांच्या खोलीत ८० च्या पुढे जातो. तिसऱ्या पिढीत इंटेलने प्रोसेसरची चकती आणि वरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये दुसऱ्या पिढीप्रमाणे सोल्डर न वापरता पेस्ट वापरली, त्यामुळे हे प्रोसेसर मुळातच थोडे अधिक तापतात. पेंटियमसोबत आलेला हीटसिंक (प्रोसेसरवरील उष्णता शोषणारा धातूचा भाग) बहुधा संपूर्ण ॲल्युमिनियमचा आणि पातळ असतो. आय५ घेताना त्याच दुकानातून मध्यभागी तांबे असलेला जुना इंटेलचा हीटसिंक मागून घ्या. अनेकदा तो किरकोळ पैशांत मिळतो. आपल्या चार हजारांतून ३७०० वजा जाता उरलेले तीनशे रुपये मी त्यावर आणि थर्मल पेस्टवरच खर्च करीन.

बसवताना वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच काम सुरू करावे. या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसून बोर्डवर असतात आणि अतिशय नाजूक असतात. प्रोसेसर बोटांनी कडेला धरून, कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण आणि दोन खाचा जुळवून सरळ खाली ठेवावा, दाबू नये, सरकवू नये. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातील ग्लिसरीनचा थर मागे राहतो. नवी पेस्ट मध्यभागी तुरीच्या डाळीएवढी पुरते. हीटसिंकच्या चार पिना समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात आणि चारही बोर्डच्या मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आल्या आहेत का, ते पाहावे. एक पिन अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो, आणि मग ‘आय५ फार तापतो’ अशी तक्रार येते.

एसएमपीएसवर वाढणारा भार वीस-पंचवीस वॅटचाच आहे, त्यामुळे चांगल्या स्थितीतील एसएमपीएस तो सहज पेलेल. तथापि स्थानिक बनावटीच्या एसएमपीएसवरील ४५० हा आकडा विश्वासार्ह धरू नये. त्याच्या कपॅसिटरची टोके फुगलेली असतील, किंवा संगणक अधूनमधून आपोआप बंद होत असेल, तर प्रोसेसरच्या आधी तोच बदलावा. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हाचा धक्का मोठा असतो. यूपीएस असला तरी अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. आपल्याकडे जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचा तंतू हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसतो. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो ब्लोअरने काढत जावा, आणि त्या वेळी पंखा बोटाने अडवून धरावा.

वसमतकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एसएसडी, रॅम, आय५-३४७० आणि तांब्याचा हीटसिंक एवढेच घेणार आहे. पुढच्या वर्षीसाठी आठव्या पिढीच्या यंत्राची बचत आतापासून सुरू करतो, अध्यापक सरांचे म्हणणे मला पटले आहे.

एकच शंका उरली आहे. विंडोज नव्याने टाकली तर केंद्राची सर्व सॉफ्टवेअर आणि उपकरणांचे ड्रायव्हर पुन्हा बसवावे लागतील, आणि त्यातील काहींच्या सीडी आता माझ्याकडे नाहीत. म्हणून जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची आहे. बायोसमध्ये साटाचा प्रकार आयडीई असा दिसतो. तो बदलावा लागेल का?

परभणी_दुरुस्ती

हो, आयडीई ही जुनी पद्धत बदलून एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) करावा लागेल, तरच एसएसडीचा पूर्ण लाभ मिळतो. पण तो थेट बदलू नका, थेट बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट या भागात सेफ बूटवर खूण करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. सुरू होतानाच बायोसमध्ये जाऊन आयडीईऐवजी एएचसीआय निवडा व जतन करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि लागणारा ड्रायव्हर स्वतः चालू करील. मग एमएसकॉन्फिगमधील ती खूण काढून पुन्हा एकदा सुरू करा. सेफ मोडमध्ये विंडोजचा लॉगिन पिन चालत नाही असे कधीकधी होते, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड आधी आठवून ठेवा.

हे सर्व जुन्या हार्ड डिस्कवरच करून घ्या आणि नंतर ती एसएसडीवर उतरवा. त्याआधी सी आणि डी मिळून भरलेली जागा २०० जीबीच्या आत आणा. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या तरी पुष्कळ जागा मोकळी होईल. एसएसडी, रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी बदलू नका. एक बदल करून दिवसभर काम करा, मगच दुसरा करा, म्हणजे काही अडले तर कशामुळे अडले ते लगेच कळेल. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना सीपीयू बदलल्याची सूचना येऊन एफ१ दाबण्यास सांगितले जाऊ शकते. ते नेहमीचेच आहे. तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल, तर त्याच बैठकीत बोर्डवरील सीआर२०३२ सेलही बदलून टाका, कारण चुकीच्या तारखेने सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत.